डिस्क भरण्याआधी फोन वाजला पाहिजे: दुकानाच्या सर्व्हरला अलर्ट कसा लावायचा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डिस्कचा अलर्ट स्क्रीनवर लावून बघितला. पण व्हिडिओत एक प्रश्न घाईत राहून जातो: अलर्ट लावायचा तो नेमक्या कुठल्या आकड्यावर? दहा टक्के? वीस टक्के? पन्नास जीबी? बटणं कुठं दाबायची ते व्हिडिओ थांबवून थांबवून बघता येईल. आकडा मात्र प्रत्येकाच्या दुकानाचा वेगळा असतो आणि तो तुम्हालाच काढायला लागतो. म्हणून हा लेख. कागद-पेन घेऊन बसा, अर्ध्या तासाचं काम आहे.

आधी ठरवू, "सर्व्हर" कशाला म्हणायचं

सर्व्हर म्हटलं की लोकांना एसी लावलेली काचेची खोली आठवते. आपल्याकडं सर्व्हर म्हणजे बहुतेक वेळा काउंटरखाली ठेवलेला एक सीपीयू. त्याच्यावर टॅलीचा किंवा बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटा असतो आणि बाकीचे दोन-तीन कॉम्प्युटर लॅनवरून त्याला जोडलेले असतात. ज्या मशिनवर सगळ्यांचा डेटा आहे आणि जे बंद पडलं की दुकानाचं बिलिंग बंद, ते मशिन तुमचा सर्व्हर. मग त्याच्यावर साधं विंडोज असो नाहीतर विंडोज सर्व्हर.

डिस्क भरली की काय होतं?

डिस्क भरली म्हणून आवाज होत नाही, धूर निघत नाही. गोष्टी एकेक करून बंद पडतात आणि बहुतेक वेळा दोष दुसऱ्याच कुणावर जातो.

सगळ्यात आधी बॅकअप थांबतो. कारण सोपं आहे. रोज तयार होणाऱ्या फायलींमध्ये सगळ्यात मोठी फाइल बॅकअपचीच असते, त्यामुळे जागा कमी पडली की पहिली अडते तीच. बिलाच्या एका नोंदीला काही केबी पुरतात, ती अजून बसत असते. म्हणजे दुकान व्यवस्थित चालू दिसतं, गिऱ्हाइकाला बिल मिळतं आणि मागं बॅकअप मात्र आठ दिवसांपासून झालेला नसतो. हे दिवस सगळ्यात धोक्याचे, कारण कुणालाच काही जाणवत नाही.

त्यानंतर विंडोजचे अपडेट अडतात. मग प्रिंट अडकायला लागते. प्रिंट देताना विंडोज आधी सी ड्राइव्हवर एक तात्पुरती फाइल बनवतं आणि मग ती प्रिंटरकडं पाठवतं. जागाच नसेल तर फाइल बनत नाही, आणि आपण प्रिंटरवाल्याला फोन करून शिव्या घालतो. शेवटी डेटाबेसला नवी नोंद लिहिता येत नाही. नोंद अर्धी लिहून झाली आणि तिथंच जागा संपली, तर डेटा खराब होण्याचीही भीती असते.

आता हे सगळं महिन्याच्या ११ तारखेला, जीएसटीआर-१ च्या शेवटच्या दिवशी झालं तर? किंवा ३१ मार्चला? हिशोबाची कागदपत्रं आणि नोंदी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवायला जीएसटी कायदा सांगतो. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कॉम्प्युटरवर ठेवलेल्या हिशोबाच्या वह्यांचा बॅकअप रोज, भारतातल्या सर्व्हरवर घ्यायला हवा, असं कंपनी कायद्याच्या नियमांत २०२२ पासून आहे. म्हणजे "बॅकअप आठ दिवस झाला नाही" ही गोष्ट फक्त आपल्या दुकानाच्या चार भिंतींतली राहत नाही.

मोठ्यांचंही असंच होतं

तुम्हाला वाटेल, हा आपल्यासारख्या छोट्या लोकांचा प्रॉब्लेम. तर ऐका. ऑगस्ट २०२३ मध्ये टोयोटाचे जपानमधले सगळे म्हणजे १४ गाडी-कारखाने थांबले. सुट्या भागांच्या ऑर्डर सांभाळणारे त्यांचे सर्व्हर बंद पडले होते. कंपनीनं ६ सप्टेंबर २०२३ ला कारण जाहीर केलं. २७ ऑगस्टला नेहमीचं मेन्टेनन्सचं काम झालं होतं. डेटाबेसमध्ये साठलेला डेटा काढून टाकणं, लावून ठेवणं हे चालू असताना डिस्कवरची जागा कमी पडली आणि सिस्टिम थांबली. बॅकअपचे सर्व्हरही त्याच सिस्टिमवर होते, त्यामुळे तेही तसेच अडले आणि त्यांच्यावर काम हलवता आलं नाही. शेवटी जास्त जागेच्या सर्व्हरवर डेटा हलवला आणि दुसऱ्या दिवशी कारखाने सुरू झाले.

यातून आपल्याला दोन गोष्टी घ्यायच्या आहेत. पहिली, साफसफाईलासुद्धा जागा लागते. दुकानातला माल लावताना आधी थोडा माल बाहेर काढून ठेवायला मोकळी जमीन लागते ना, तसंच. डिस्क काठोकाठ भरल्यावर आवरायला बसलात तर आवरता आवरताच अडकाल. दुसरी, बॅकअप त्याच मशिनवर, त्याच डिस्कवर असेल तर तो ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

टक्के विसरा, रीऑर्डर लेव्हल आठवा

आता मूळ मुद्दा. मोकळी जागा १० टक्क्यांच्या खाली गेली की विंडोजमध्ये ड्राइव्हची पट्टी लाल होते. बरेच लोक तेवढ्यावर भरवसा ठेवतात. पण १० टक्के म्हणजे किती? १२० जीबीच्या ड्राइव्हवर १२ जीबी, तर ४ टीबीच्या ड्राइव्हवर तब्बल ४०० जीबी. एका ठिकाणी ते दोन दिवसांत संपेल, दुसरीकडं दोन वर्षं पुरेल. लाल पट्टी दोन्हीकडं सारखीच. शिवाय ती पट्टी बघायला कुणीतरी "धिस पीसी" उघडायला तर पाहिजे.

तुम्ही दुकानदार आहात, मग दुकानाच्या भाषेत विचार करा. माझं स्टेशनरी आणि प्रिंटिंगचं दुकान आहे. ए-फोर कागदाचे रीम मी कधी मागवतो? रोज ४ रीम जातात. होलसेलरकडून माल यायला ५ दिवस लागतात. म्हणजे २० रीम तर वाटेतच लागणार. वर अडीअडचणीला ८ रीम हाताशी. एकूण २८. रॅकवर २८ रीम राहिले की ऑर्डर गेली पाहिजे. याला रीऑर्डर लेव्हल म्हणतात. बीबीएच्या पहिल्या वर्षात हे सूत्र पाठ करतात आणि आपले आजोबा ते न शिकताच वापरत होते.

डिस्कवरची मोकळी जागा हासुद्धा स्टॉकच आहे. रोज थोडा संपतो. नवा यायला वेळ लागतो. म्हणून सूत्र तेच:

अलर्टचा आकडा = रोज भरणारी जागा × तुम्हाला हालचाल करायला लागणारे दिवस + हाताशी ठेवायची जागा

अलर्टचं काम "जागा कमी आहे" एवढं सांगण्यापुरतं नसतं. तुम्हाला पुरेसे दिवस हातात असताना सांगणं हे त्याचं खरं काम. आकडा दिवसांवरून काढा, टक्के आपोआप निघतील.

पायरी १: कुठल्या ड्राइव्हवर काय वाढतं ते लिहा

एका कागदावर प्रत्येक ड्राइव्हसाठी एक ओळ. ड्राइव्हचं अक्षर, एकूण जागा, आजची मोकळी जागा आणि त्याच्यावर काय साठतं. डिस्कच्या खोक्यावर १ टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ९३१ जीबी दाखवतं, याने गोंधळू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. आपण विंडोज दाखवेल तोच आकडा धरायचा.

जागा कशानं खाल्ली ते बघायला विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज असं जा. अजून बारकाईनं बघायचं असेल तर विनडिरस्टॅट हे फुकट सॉफ्टवेअर आहे. कुठलं फोल्डर किती जाडजूड आहे ते रंगीत चौकोनांत दिसतं. पहिल्यांदा बघताना बहुतेकांना धक्का बसतो. कुणाच्या मोबाइलचे फोटो, कुणी उतरवलेले सिनेमे, एकाच बॅकअपच्या चाळीस प्रती.

एक अपवाद लक्षात ठेवा. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधली डिस्क कायम भरलेलीच असते आणि तसंच अपेक्षित आहे. जागा संपली की जुनं रेकॉर्डिंग पुसून नवं त्यावर चढतं. तिथं "डिस्क भरली" असा अलर्ट लावला तर तो रोज वाजेल. तिथं प्रश्न वेगळा विचारायचा: सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग किती दिवसांपूर्वीचं आहे? पंधरा दिवसांचं हवं असताना सहाच दिवसांचं मिळत असेल तर डिस्क लहान पडते आहे.

पायरी २: चौदा दिवस मोजा

रोज दुकान बंद करताना गल्ला मोजतो तसंच मोकळी जागा वहीत लिहायची. चौदा दिवस. समजा पहिल्या दिवशी डी ड्राइव्हवर २१२ जीबी मोकळे होते आणि चौदा दिवसांनंतर १९५.२ जीबी राहिले. १६.८ जीबी गेले. भागिले १४, म्हणजे रोज १.२ जीबी.

हा झाला साधा दिवस. पण अलर्ट सीझनसाठी लावायचा असतो. दिवाळी, मार्च एंड, शाळा उघडतात तो जून, ज्याचा जो सीझन. गेल्या वर्षीचा आकडा हाताशी नसेल तर पहिल्या वर्षी सरळ दुप्पट धरा. आपण २.५ जीबी धरू.

पायरी ३: तुमचे दिवस प्रामाणिकपणे मोजा

अलर्ट आल्यापासून जागा मोकळी होईपर्यंत किती दिवस लागतात? मनात "लगेच करतो" येतं. कागदावर लिहिलं की खरं दिसतं. मेसेज वाचून लक्ष घालायला १ दिवस. कॉम्प्युटरवाला यायला ३ दिवस. नवी डिस्क मागवायची तर ४ दिवस. मध्ये रविवार, सण, लग्नाची तिथी असे २ दिवस. झाले १०.

आता हाताशी ठेवायची जागा. टोयोटाचा धडा इथं लागू करायचा. एक पूर्ण बॅकअप घ्यायला किंवा डेटा आवरायला जेवढी जागा लागते तेवढी कायम मोकळी हवी. समजा तुमचा पूर्ण बॅकअप १८ जीबीचा आहे, तर २० धरा.

हिशोब असा:

पिवळा अलर्ट: २.५ × १० + २० = ४५ जीबी
लाल अलर्ट: २.५ × २ + २० = २५ जीबी

पिवळा म्हणजे "आता कामाला लागा". लाल म्हणजे "आजच, दुकान बंद करायच्या आत".

डी ड्राइव्ह ४६५ जीबीचा असेल तर ४५ जीबी म्हणजे साधारण १० टक्के. तुम्ही म्हणाल, मग विंडोजची लाल पट्टी काय वाईट होती? आता शेजारचं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान घ्या. तेवढीच डिस्क, तेवढाच कॉम्प्युटरवाला, पण डिझाइनच्या फायली रोज १२ जीबी भरतात. १२ × १० + २० = १४० जीबी, म्हणजे ३० टक्के. त्यानं १० टक्क्यांवर विसंबलं तर लाल पट्टी दिसेल तेव्हा त्याच्या हातात चार दिवससुद्धा नसतील. आणि कॉम्प्युटरवाल्याला घेऊन नवी डिस्क यायला लागतात दहा.

सी ड्राइव्हचा हिशोब थोडा वेगळा. तिथं रोज थोडं थोडं वाढत नाही, अपडेट आला की एकदम वाढतं. म्हणून तिथं मी सूत्र लावत नाही. सरळ ३० जीबीवर पिवळा, १५ जीबीवर लाल. बॅकअप ज्या बाहेरच्या डिस्कवर जातो तिथं निदान दोन पूर्ण बॅकअप मावतील एवढी जागा राहिली पाहिजे. आपल्या उदाहरणात ३६ जीबी.

पायरी ४: नियम लिहा

आकडे निघाले. आता नियम. प्रत्येक नियमात चार गोष्टी हव्यात: काय झालं की वाजायचं, कुणाला कळवायचं, किती वेळा, आणि कळल्यावर त्यानं काय करायचं. शेवटची गोष्ट नसेल तर तो अलर्ट नुसता ओरडा आहे.

मी चार नियम ठेवायला सांगतो.

१. पिवळा: मोकळी जागा ४५ जीबीच्या खाली. मेसेज मालक आणि अकाउंटंट दोघांना. दिवसातून एकदाच, सकाळी १० ला. कृती: साफसफाईची यादी काढणं, गरज असेल तर डिस्कची ऑर्डर.

२. लाल: २५ जीबीच्या खाली. मेसेज दोघांना आणि कॉम्प्युटरवाल्यालाही. दर चार तासांनी. कृती: त्याच दिवशी जागा मोकळी करणं.

३. उडी: एका दिवसात नेहमीच्या तिपटीपेक्षा जास्त जागा गेली, तर मोकळी जागा कितीही असो, मेसेज. ही फार कामाची गोष्ट आहे. कुणीतरी मोबाइलचा सगळा बॅकअप सर्व्हरवर टाकला, एखाद्या सॉफ्टवेअरची लॉग फाइल बेसुमार वाढत सुटली किंवा एखादा व्हायरस फायलींच्या प्रती बनवतोय, हे सगळं इथं पहिल्या दिवशी पकडलं जातं. नुसत्या पिवळ्या-लालवर अवलंबून राहिलात तर कळायला आठवडे जातील.

४. सगळं ठीक: दर सोमवारी सकाळी "सी इतके जीबी, डी इतके जीबी, शेवटचा बॅकअप अमुक तारखेचा" असा साधा मेसेज. हा का? कारण अलर्ट येत नाही याचे दोन अर्थ होतात. एक तर सगळं ठीक आहे, नाहीतर राखणदारच झोपलाय. सोमवारी मेसेज आला नाही की समजायचं, राखणदाराला उठवायला हवं.

एक बारीक गोष्ट. पिवळा अलर्ट ४५ च्या खाली सुरू झाला तर तो ४५ च्या वर गेल्या गेल्या बंद करू नका, ५५ च्या वर गेल्यावर बंद करा. नाहीतर जागा ४४.९ आणि ४५.१ मध्ये हेलकावे खात राहते आणि दिवसभर "भरली", "ठीक", "भरली", "ठीक" असे मेसेज येतात. तिसऱ्या दिवशी आपण तो ग्रुप म्यूट करतो. म्यूट केलेला अलर्ट आणि न लावलेला अलर्ट यात काही फरक नाही.

पायरी ५: मशिनवर लावा

तीन रस्ते आहेत. तुमच्या आवाक्यातला घ्या.

पहिला रस्ता, विंडोजचा स्वतःचा परफॉर्मन्स मॉनिटर. फुकट आहे, आधीपासून मशिनमध्ये आहे. तो उघडून डेटा कलेक्टर सेट्स, त्यात युजर डिफाइन्ड, तिथं नवा सेट, "क्रिएट मॅन्युअली" निवडा, मग परफॉर्मन्स काउंटर अलर्ट. काउंटर निवडताना लॉजिकल डिस्क खाली "फ्री मेगाबाइट्स" घ्या आणि एकूण बेरीज न घेता नेमका तुमचा ड्राइव्ह निवडा. "बिलो" निवडून मर्यादा टाका. इथं आकडा एमबीमध्ये लागतो, म्हणून ४५ × १०२४ = ४६०८०. किती वेळानं तपासायचं ते आधीपासून काही सेकंदांवर असतं, ते एक तास करा. अलर्ट ॲक्शनमध्ये इव्हेंट लॉगमध्ये नोंद करायला सांगा आणि अलर्ट टास्कमध्ये मेसेज पाठवणाऱ्या टास्कचं नाव द्या. महत्त्वाचं: मशिन रीस्टार्ट झालं की हा सेट आपोआप सुरू होत नाही. त्याचं शेड्युल लावायला विसरू नका. आपल्याकडं लाइट किती वेळा जाते ते तुम्हाला माहीतच आहे.

दुसरा रस्ता, टास्क शेड्युलर आणि छोटी पॉवरशेल स्क्रिप्ट. माझ्या दुकानात हेच आहे. स्क्रिप्ट दर चार तासांनी चालते, प्रत्येक ड्राइव्हची मोकळी जागा बघते, कालच्या आकड्याशी तुलना करते आणि नियम मोडला असेल तर मेसेज पाठवते. वरचे चारही नियम यात बसतात. टास्क शेड्युलरमध्ये "सेंड ॲन ई-मेल" असा पर्याय दिसतो, त्याच्या नादी लागू नका, विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनं तो मोडीत काढलाय. मेल स्क्रिप्टमधूनच पाठवायचा. जीमेल वापरणार असाल तर साधा पासवर्ड चालत नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून ॲप पासवर्ड घ्यावा लागतो. त्यापेक्षा टेलिग्रामचा बॉट सोपा आणि फुकट. व्हॉट्सॲपवर असे आपोआप मेसेज पाठवायचे तर अधिकृत रस्ता बिझनेस एपीआयचा आहे, छोट्या दुकानाला त्याची कटकट नको. स्क्रिप्ट ओळीनं ओळ व्हिडिओत दाखवली आहे. टास्क लावताना "युजर लॉग ऑन असो वा नसो, चालव" हा पर्याय निवडा, नाहीतर कुणी लॉग ऑफ केलं की राखणदारही घरी जातो.

तिसरा रस्ता, दोन-तीन शाखा किंवा आठ-दहा मशिन असतील तर. झॅबिक्स हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. सगळ्या मशिनवर एकाच ठिकाणाहून लक्ष ठेवतं. त्याच्या तयार टेम्प्लेटमध्ये डिस्क ८० टक्के भरली की इशारा आणि ९० टक्के भरली की गंभीर इशारा असे आकडे आधीच असतात. ते तसेच ठेवू नका, प्रत्येक ड्राइव्हसाठी आपला आकडा टाका. त्यात "या वेगानं किती वेळ उरलाय" हे काढणारं फंक्शनही आहे, म्हणजे आपलं रीऑर्डरचं गणित ते स्वतःच करतं. पण लावायला जाणकार माणूस हवा.

नास वापरत असाल, सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपसारखा, तर त्याच्या सेटिंग्जमध्येच नोटिफिकेशनचं पान असतं. तिथं मेल आयडी आणि आकडा टाकला की झालं.

डिस्क रिकामी, तरी काम बंद?

असंही होतं. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेसवर चालत असेल, तर त्या फुकट आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा असते. २००८ आर२ पासून २०२२ च्या आवृत्तीपर्यंत हाच आकडा आहे. डिस्कवर ३०० जीबी मोकळे असले तरी डेटाबेस १० जीबीला टेकला की नवी नोंद होत नाही. म्हणून सॉफ्टवेअरवाल्याला आजच दोन प्रश्न विचारा: आपला डेटाबेस कशावर आहे आणि आता किती जीबीचा आहे? उत्तर "एक्स्प्रेस, साडेसात" असं आलं तर ८ जीबीवर अजून एक अलर्ट लावा.

वेबसाइटसाठी लिनक्सचा सर्व्हर भाड्यानं घेतला असेल तर तिथं जीबीबरोबर आयनोडही बघा. आयनोड म्हणजे ढोबळमानानं फायलींची मोजदाद. लाखो बारीक फायली साठल्या की जीबी शिल्लक असूनही "जागा नाही" असा एरर येतो.

पायरी ६: खोटी आग लावून बघा

अलर्ट लावला म्हणजे झालं असं नाही. तो वाजतो का ते बघितलं पाहिजे. सोपी युक्ती: मोकळी जागा १९५ जीबी असेल तर पिवळ्याचा आकडा थोडा वेळ २०० करा. मेसेज यायलाच हवा. आला का? कुणाकुणाला आला? अकाउंटंटनं वाचला का, की "आला होता वाटतं काहीतरी" म्हणाला? सगळं बघून आकडा परत ४५ वर आणा, आणि आणला याची खात्री करा. दर तीन महिन्यांनी हे एकदा करा. रोजचा वेग बदलला असेल तर तेव्हाच आकडेही नवे काढा.

अलर्ट वाजल्यावर: काय काढायचं, कशाला हात लावायचा नाही

आधी कशाला हात लावायचा नाही ते. विंडोजच्या फोल्डरमधलं हातानं काहीही डिलीट करू नका. डेटाबेसची लॉग फाइल मोठी दिसते, तीही हातानं उडवू नका, तो डेटाबेसचाच भाग आहे. ती लहान करायची पद्धत सॉफ्टवेअरवाल्याकडून करून घ्या. आणि घाईत "जुना बॅकअप आहे, उडवा" असं तर अजिबात नको. नवा बॅकअप आठ दिवस झालेला नसेल तर तो जुनाच तुमचा एकमेव बॅकअप असतो.

आता काय करायचं, ते क्रमानं:

१. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते बघा. झालेला नसेल तर आधी बाहेरच्या डिस्कवर एक घ्या.

२. रीसायकल बिन, टेम्पररी फायली, जुने विंडोज अपडेट. हे डिस्क क्लीनअपमधून काढा, ते सुरक्षित आहे. डाउनलोड फोल्डरवर मात्र टिक करताना थांबा. जीएसटीच्या फायली, बँक स्टेटमेंट बहुतेक वेळा तिथंच पडलेली असतात.

३. जुने बॅकअप शिस्तीत आणा. शेवटचे ७ दिवस रोजचे, शेवटचे ४ आठवड्यांचे, शेवटचे १२ महिन्यांचे, आणि प्रत्येक आर्थिक वर्षाचा एक कायमचा. बाकीचे काढा.

४. जुना डेटा हलवायचा असेल तर आधी कॉपी, मग नव्या जागी दोन-चार फायली उघडून बघणं, मग जुन्या जागेवरून डिलीट. कट-पेस्ट नको. मध्येच लाइट गेली तर काय कुठं राहिलं ते शोधत बसाल.

५. एवढं करूनही पिवळ्याच्या वर गेला नाहीत तर नवी डिस्क. आणि तीही अजून दहा दिवस हातात असताना, म्हणजे दोन दुकानांत भाव विचारून घेता येते. लाल अलर्टला घेतलेली डिस्क नेहमी महाग पडते.

हे सगळं एका पानावर लिहून सर्व्हरच्या वर भिंतीला चिकटवा. आकडे, कुणाला फोन, काय करायचं, काय नाही. तुम्ही गावाला गेलात तरी काउंटरवरच्या मुलाला कळलं पाहिजे.

खर्च किती? पहिल्या दोन रस्त्यांना तुमच्या वेळेशिवाय शून्य रुपये. उदाहरणातल्या दुकानाचंच बघा: आज १९५ जीबी मोकळे, रोज १.२ जीबी जातात, म्हणजे पिवळ्याला पोहोचायला साधारण १२५ दिवस. आज काहीच करायचं नाहीये. पण वेळ कधी येणार हे आत्ताच माहीत आहे, आणि त्या दिवसांत दिवाळी येत असेल तर डिस्क आधीच घ्यायची हेही आज ठरवता येतं.

तर आजचं काम एकच. दुकान बंद करताना गल्ल्याच्या वहीत एक ओळ जास्त लिहायची: तारीख आणि डी ड्राइव्हची मोकळी जागा. चौदा ओळी झाल्या की हा लेख पुन्हा उघडा आणि पायरी ३ पासून बसा.

भेटूया पुढच्या भागात. तेव्हा बघू, घेतलेला बॅकअप परत चढवून कसा तपासायचा.